सौम्य मलम, पण औषधच!

वाचकहो, एक घर डोळ्यांसमोर आणा. ते भोपाळचे असेल, हैदराबादचे असेल किंवा कोल्हापूरचे असेल. अशी घरे सर्वत्र आहेत. घरात तीन वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्या कोपरांच्या आतल्या बाजूस आणि गुडघ्यांच्या लवणीत इसबाचे लालसर, खरखरीत चट्टे उठले आहेत. दिवस कसाबसा जातो. पण रात्र पडली की मूल खाजवू लागते आणि त्याच्याबरोबर त्याची आईही जागी राहते. डॉक्टरांनी तपासून एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे क्रीम लिहून दिले. ते घरी आले तेव्हा कोणीतरी ट्यूबवरील अक्षरे वाचली आणि आजी म्हणाल्या, "सूनबाई, हे स्टिरॉइड आहे म्हणे. एवढ्याशा जिवाला असले काही लावू नकोस, बाई." आई घाबरली. आता ती दोन दिवसांतून एकदा, मोहरीएवढे क्रीम बोटावर घेऊन चट्ट्यांवरून नुसते पुसल्यासारखे करते. चट्टे हटत नाहीत आणि रात्रीही सरत नाहीत.

त्याच घरात मुलाच्या काकांना जांघेत गजकर्ण झाले आहे. त्यांनी औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' मागून आणली आणि चार महिने ती लावीत आहेत. मुलाच्या आत्याचे लग्न ठरले आहे; एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती रोज रात्री उजळपणाचे एक क्रीम चेहऱ्यास लावते. या दोन्ही ट्यूबमध्येही स्टिरॉइडच आहे, आणि मुलाच्या क्रीमपेक्षा ते कितीतरी अधिक तीव्र आहे. परंतु त्याची भीती घरात कोणालाच वाटत नाही, कारण त्याचे नाव कोणी वाचलेलेच नाही.

एकाच छपराखाली भीती आणि बेफिकिरी अशा शेजारी शेजारी नांदतात. जे औषध सर्वांत सौम्य, त्याचाच धाक. आणि जे खरोखर जपून वापरावयाचे, ते आरशापुढे उघडे पडलेले. आजच्या लेखात आपण या सौम्य मलमाची नीट ओळख करून घेऊ. ते कोणासाठी, शरीराच्या कोणत्या जागी आणि किती दिवस, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या घरास ठाऊक आहेत, त्या घरास त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही.

हे औषध आहे तरी काय?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिच्यातून कॉर्टिसॉल नावाचा एक रस रक्तात मिसळत असतो. शरीरात कोठेही दाह उठला तर त्यास आवर घालणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक होय. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे औषधरूपाने तयार केलेले हेच कॉर्टिसॉल. या ग्रंथींतील द्रव्यांच्या संशोधनाबद्दल केंडॉल, राइखस्टाइन आणि हेंच या तीन शास्त्रज्ञांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे दोनच वर्षांनी, १९५२ साली, सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकन डॉक्टरांनी हे द्रव्य मलमाच्या रूपाने त्वचेवर लावले असता इसबासारख्या विकारांत आराम पडतो, असे दाखवून दिले. तेव्हापासून त्वचेच्या दाहावरील उपचारांत त्याने आपले स्थान टिकवून ठेवले आहे.

व्यायामशाळेत स्नायू फुगविण्यासाठी जी स्टिरॉइडे घेतली जातात, ती वेगळ्या जातीची. नावातील साम्यामुळे गोंधळ होतो, तो मनातून काढून टाकावा.

हे मलम काय करते आणि काय करीत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. त्वचेचा लालपणा, सूज आणि कंड ते कमी करते. परंतु ते जंतूंना मारीत नाही, गजकर्णाच्या बुरशीला मारीत नाही, खरजेच्या किड्याला मारीत नाही आणि ज्या कारणाने दाह उठला ते कारणही दूर करीत नाही. आग लागली असता धूर आवरावा, तसे त्याचे काम आहे. आग कशाची हे ओळखल्यावाचून नुसता धूर आवरला तर आग आतल्या आत पसरते. काकांच्या गजकर्णाचे नेमके असेच झाले आहे.

सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र

स्टिरॉइड मलमांचे त्यांच्या शक्तीप्रमाणे चार वर्ग मानले जातात. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य वर्गातील आहे. क्लोबेटासोन मध्यम वर्गातील. बीटामेथासोन व्हॅलेरेट आणि मोमेटासोन यांची गणना तीव्र वर्गात होते; त्यांची शक्ती हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे शंभर पट वा त्याहून अधिक धरली जाते. क्लोबेटासोल हे अतितीव्र असून त्याची शक्ती सहाशे पटींपर्यंत सांगितली जाते. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल या दोन नावांत केवळ शेवटच्या अक्षरांचा फरक आहे, पण गुणांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. म्हणून ट्यूबवरील मोठ्या अक्षरांतील व्यापारी नाव वाचून थांबू नये; त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते, ते वाचावे. चष्मा लागत असेल तर चष्मा लावून वाचावे, किंवा घरातील शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे.

पुष्कळ ट्यूबमध्ये स्टिरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक अशी तीन-चार औषधे एकत्र केलेली असतात. 'कोणतीही खाज असो, एकच ट्यूब' हा विचार सोयीचा वाटतो. पण त्यात स्टिरॉइड बहुधा तीव्र असते आणि रोगाचे निदान मात्र कोणीच केलेले नसते.

लावावे कसे?

प्रथम प्रमाणाचा विचार करू. यासाठी डॉक्टरांनी एक सोपे माप ठरविले आहे, आणि ते माप प्रत्येकाच्या हातालाच आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून क्रीमची एक पट्टी काढावी. हे सुमारे अर्धा ग्रॅम होते. बोटे जुळवून ठेवलेल्या प्रौढ माणसाच्या दोन तळव्यांनी जेवढी जागा झाकेल, तेवढ्या जागेस ही एक पेरभर पट्टी पुरते. मूल लहान असले तरी माप मोठ्या माणसाच्या बोटाचे आणि जागाही मोठ्या माणसाच्या तळव्यांनी मोजलेली. आपल्या गोष्टीतील मुलाचे सारे चट्टे मिळून आईच्या दोन तळव्यांएवढे असतील, तर एका वेळेस एक पेर क्रीम हे योग्य प्रमाण होय. १५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी सुमारे ३० मापे असतात. दिवसातून दोनदा लावले तर ती पंधरा दिवस पुरेल. महिना उलटूनही ट्यूब भरलेलीच असेल तर औषध फार कमी लागते आहे, आणि चार दिवसांत संपली तर फार जास्त, हे ट्यूबच आपणास सांगेल.

लावण्यापूर्वी हात धुवावेत. मुलास कोमट पाण्याने स्नान घालून, त्वचा न रगडता मऊ पंचाने टिपून घ्यावी. मग फक्त चट्ट्यांवर, पातळ थर बसेल असे, केसांच्या दिशेने हलक्या हाताने लावावे. जोराने चोळण्याची आवश्यकता नाही. जाड थर दिल्याने गुण लवकर येतो असेही नाही. लावून झाल्यावर पुन्हा हात धुवावेत. चट्टे हातांवरच असतील तर गोष्ट वेगळी.

दिवसातून एकदा किंवा दोनदा लावणे पुरेसे असते. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस ते नेमाने लावावे. स्वतःच्या विचाराने लावीत असाल तर सात दिवस ही मर्यादा समजावी. सात दिवसांत उतार पडला नाही, तर आठव्या दिवशी आणखी क्रीम नव्हे, डॉक्टर हवा. दहा वर्षांखालील मुलास, आणि कोणाच्याही चेहऱ्यास, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सौम्य मलमही लावू नये. गरोदर भगिनींनीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अंगावर पाजणाऱ्या मातेने स्तनावर लावले असेल तर बाळास घेण्यापूर्वी ते धुऊन टाकावे.

इसब असलेल्या त्वचेला रोजची खरी गरज असते ती स्निग्धतेची. कोरडी त्वचा म्हणजे भेगा पडलेली भिंत. तिच्यातून पाणी बाहेर जाते आणि त्रास देणारे पदार्थ आत शिरतात. पेट्रोलियम जेली, डॉक्टरांनी सांगितलेले साधे मऊ मलम किंवा सोसत असल्यास खोबरेल तेल स्नानानंतर लगेच आणि दिवसातून दोन-तीनदा सर्वांगास लावावे. चट्टे गेल्यावर स्टिरॉइड थांबवावे, पण ही स्निग्धता थांबवू नये. उत्तर भारतात मुलांना मोहरीचे तेल चोळण्याची रीत आहे. परंतु इसबाच्या नाजूक त्वचेस ते झोंबते, म्हणून अशा मुलास ते लावू नये. स्निग्ध मलम आणि स्टिरॉइड या दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे, म्हणजे एक दुसऱ्यात मिसळून पातळ होणार नाही. आणखी एक सावधगिरी: पॅराफिन किंवा पेट्रोलियम जेलीयुक्त मलम मुरलेले कापड ज्योतीजवळ गेल्यास झटकन पेट घेते. असे कपडे घालून शेगडीजवळ वावरू नये, आणि ते नुसते धुतल्याने धोका पूर्णपणे जातो असेही समजू नये.

कोठे लावू नये?

डोळ्यांच्या आत व पापण्यांवर हे मलम स्वतःच्या मनाने कधीही लावू नये. डोळ्यांच्या आसपास स्टिरॉइडचा दीर्घकाळ वापर झाल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होण्याचा संभव असतो. उघडी जखम, पू झालेली जागा, ओठांवरील जर, कांजिण्यांचे फोड, तारुण्यपिटिका यांवर ते लावू नये. मलम लावून वर प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी बांधू नये, कारण झाकलेल्या त्वचेतून औषध अधिक प्रमाणात आत शिरते. तान्ह्या बाळाचा घट्ट लंगोट हीदेखील अशी पट्टीच होय. काख, जांघ आणि चेहरा येथील त्वचा मुळातच पातळ असते, म्हणून तेथे विशेष जपावे.

आता इसब कोणते आणि इसबासारखे दिसणारे दुसरे काही कोणते, याच्या दोन खुणा सांगतो. चट्ट्याची कड उठावदार व खवलेदार असून मधला भाग निवळल्यासारखा दिसत असेल, चट्टा कड्यासारखा बाहेर बाहेर वाढत असेल, तर तो गजकर्णाचा असण्याचा संभव फार. स्टिरॉइड लावले की त्याची खाज दोन दिवसांत थांबते आणि रोगी खूश होतो. पण बुरशीला मोकळे रान मिळते. पुढे कड्याचा आकारही मोडतो, आणि मग तज्ज्ञासही ओळखणे जड जाते. त्याच टॉवेलातून आणि कपड्यांतून ते घरातील इतरांनाही होते. दुसरी खूण अशी की, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुळ्या, रात्री वाढणारी खाज आणि तीच तक्रार घरातील दोघाचौघांची, असे असेल तर ती खरूज समजावी. तिचे औषध निराळे, आणि ते घरातील सर्वांनी एकाच वेळी घ्यावे लागते.

आरशापुढची ट्यूब

आता आत्याबाईंकडे वळू. तीव्र स्टिरॉइड चेहऱ्यास लावले की पहिले काही दिवस चेहरा खरोखरच नितळ आणि उजळ दिसतो. फसगत तेथेच होते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ पडते, गालांवर तांबड्या बारीक रेषा दिसू लागतात, पुटकुळ्या उठतात, लव वाढते, उन्हात जाताच आग होते. घाबरून क्रीम थांबवावे तर चेहरा लालबुंद होतो. म्हणून ती पुन्हा लावते, आणि हे चक्र थांबत नाही. देशातील १२ त्वचारोग केंद्रांत झालेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या त्वचेची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यास स्टिरॉइड लावीत होते, आणि त्यांपैकी ३९२ जणांवर त्याचे दुष्परिणाम दिसून आले. निम्म्याहून अधिक लोकांना ते मलम डॉक्टरांनी सांगितलेलेच नव्हते. पुढे २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांच्या यादीत घातली. कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचतो. आरशापर्यंत मात्र आपल्यालाच जावे लागते.

अशा स्थितीत सापडलेल्या व्यक्तीने लाज बाळगू नये आणि घरच्यांनी तिला बोल लावू नयेत. ती ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. क्रीम एकदम बंद करावयाचे की क्रमाक्रमाने, हे तो ठरवील. बऱ्याच जणांची त्वचा सुधारते, पण त्यास काही महिने धीर धरावा लागतो. आणि लग्नघरातील वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, मुलीच्या रंगाची चर्चा घरात झाली नसती, तर ती ट्यूबही घरात आली नसती.

कारण शोधावे

चट्टा कोठे उठला आहे, हे पुष्कळदा त्याचे कारण सांगते. कपाळाच्या मध्यावर असेल तर टिकलीच्या मागचा चिकट पदार्थ पाहावा. कानाच्या पाळीस किंवा गळ्याभोवती असेल तर खोट्या दागिन्यांतील निकेल. डोक्याच्या कडेस व कपाळावर असेल तर केसांचा कलप. दोन्ही हातांस असेल तर भांडी घासण्याची पूड. महाराष्ट्रातील घरांत बिब्ब्याचा रस लागून उठलेले फोड आपण पाहिलेलेच आहेत. शेतात वावरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर वारंवार दाह उठत असेल तर गाजरगवत आठवावे. पुण्याच्या परिसरात १९५०च्या दशकाच्या मध्यास प्रथम नोंदले गेलेले हे गवत आता देशभर पसरले आहे. कारण तसेच राहिले तर मलमाने आज गेलेला दाह उद्या परत येईल, आणि दोष मात्र मलमास लागेल.

चट्टे वेगाने पसरू लागले, त्यांतून पू किंवा पिवळसर पाणी येऊ लागले, ताप आला, किंवा इसबाच्या जागी एकाएकी दुखरे, एकसारखे बारीक फोड उठले, तर विलंब न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शेवटची खूण मुलांत विशेष धोक्याची असते.

आणि त्या मुलाचे काय? डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, पेराच्या मापाने, नेमून दिलेले दिवस क्रीम लावल्यास बहुतेक मुलांचे चट्टे निवळतात आणि रात्रीची झोप परत येते. सौम्य मलम थोडे दिवस व योग्य रीतीने लावल्याने त्वचेस अपाय होणे फार क्वचित घडते. उलट महिनोन्‌महिने खाजवून रक्ताळलेल्या त्वचेत जंतू शिरणे हाच मोठा धोका असतो. इसब पुन्हा उठू शकते, हे खरे; पण तेव्हा काय करावयाचे हे आईला आता ठाऊक असते. आजींची काळजी मायेपोटी होती. त्यांना हे समजावून सांगितले तर उद्या त्याच नातवाला मांडीवर घेऊन क्रीम लावतील.

आजच सायंकाळी एक काम करावे. घरातील औषधांचे कपाट उघडावे आणि मलमाच्या साऱ्या ट्यूब बाहेर काढाव्यात. ज्यांची मुदत संपली आहे किंवा ज्या कशासाठी आणल्या हे कोणासच आठवत नाही, त्या टाकून द्याव्यात. उरलेल्यांवर कागदाची पट्टी चिकटवून चार गोष्टी लिहाव्यात: कोणाची, कोठे लावावयाची, केव्हा उघडली आणि केव्हा थांबवावयाची. एका माणसाची ट्यूब दुसऱ्याने वापरू नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. या कामास अर्धा तासही लागणार नाही.